टेडी बेअरच्या गळ्यातला दोर कोणाच्या हातात होता?



गेल्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेत एका लहान मुलीचा वाढदिवस साजरा झाला. कोणीतरी तिला टेडी बेअर भेट दिला. मुलांनी विचारले, याला टेडी का म्हणतात? आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने मोबाईलवर शोधून वाचून दाखवले की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ टेडी रूझवेल्ट एकदा अस्वलाच्या शिकारीला गेले होते. झाडाला बांधलेले अस्वल पाहून त्यांना दया आली, त्यांनी गोळी झाडली नाही आणि म्हणून खेळण्यातल्या अस्वलाला त्यांचे नाव मिळाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात नववीतल्या एका मुलाने विचारले, "पण सर, अस्वलाला झाडाला बांधले कोणी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे आम्ही इतिहासात 'राबणारा कोण आणि नाव कोणाचे' हा प्रश्न विचारत आलो, आणि एका खेळण्यापुढे तोच प्रश्न विचारायचे विसरलो. त्या मुलाला दिलेले हे उशिराचे उत्तर आहे.

अस्वलाला बांधणाऱ्या माणसाचे नाव हॉल्ट कॉलियर. ते काळे होते. जन्माने गुलाम होते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात त्यांच्या तोडीचा अस्वलाचा शिकारी त्या काळात नव्हता, हे खुद्द रूझवेल्ट मानत होते. जगातल्या कोट्यवधी मुलांच्या उशाशी टेडीचे नाव पोहोचले. कॉलियर यांचे नाव मात्र त्या खेळण्याच्या गोष्टीतून गळाले.

या लेखात आम्ही कॉलियर यांचा उल्लेख आदरार्थीच करणार आहोत. त्या काळच्या मिसिसिपीत गोरा माणूस काळ्या माणसाला 'मिस्टर' म्हणत नसे. तरुण असेल तर 'बॉय' आणि म्हातारा झाला की 'अंकल'. आमच्या गावांतही धोंडिबाचा धोंड्या आणि शिवरामाचा शिव्या करणारी जीभ हीच होती. ज्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही, त्यांना निदान आपल्या लिखाणात तरी तो मिळाला पाहिजे.

जमीन कोणाची, जंगल कोणाचे

कॉलियर यांचा जन्म १८४६ च्या सुमारास मिसिसिपीतल्या जेफरसन काउंटीत, हिंड्स घराण्याच्या मळ्यावर झाला. हे घराणे साधे नव्हते. मालक हॉवेल हिंड्स यांचे वडील जनरल थॉमस हिंड्स. १८२० साली चॉक्टॉ या मूलनिवासी समाजाकडून सुमारे ५० लाख एकर जमीन घेणारा जो करार झाला, त्यात अँड्र्यू जॅक्सन यांच्या जोडीने सरकारचे प्रतिनिधी म्हणून हेच थॉमस हिंड्स बसले होते. पुढे १८३० च्या करारानंतर बहुतांश चॉक्टॉंना मिसिसिपी सोडून पश्चिमेकडे जावे लागले.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. ज्यांनी या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या अस्वलाची शिकार केली, त्यांना आधी हुसकावले. मग आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशजांना जुंपून त्या जमिनीवर कापूस पिकवला. कापसाच्या पलीकडे उरलेल्या दलदलीच्या रानात मालकाला शिकार हवी असेल, तर तीही त्याच गुलामांपैकी एखाद्याला शिकायला लावली.

कॉलियर लहान असतानाच त्यांच्या हाती बंदूक देण्यात आली, ती मळ्यावरच्या लोकांना मांस पुरवण्यासाठी. पहिले अस्वल त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी मारले असे सांगतात. ज्या वयात मालकाची मुले अक्षरे गिरवत होती, त्या वयात हा मुलगा दलदलीत पावलांचे ठसे वाचत होता. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. कॉलियर यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशी नोंद रूझवेल्ट यांनीच करून ठेवली आहे. पाटी नाकारली आणि बंदूक दिली, कारण बंदुकीतून निघणारे मांस मालकाच्या कामाचे होते.

ही विद्या शिकायची म्हणजे काय

शिकार म्हणजे नेम धरून गोळी मारणे, असे शहरातल्या माणसाला वाटते. गोळी हा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. त्याआधी काय काय शिकावे लागे ते समजून घेतल्याशिवाय या माणसाचे मोल कळणार नाही.

अमेरिकेतले काळे अस्वल म्हणजे आपल्या ताडोबा-मेळघाटातले अस्वल नव्हे. आपले अस्वल लांब केसांचे, वारुळातली वाळवी शोषून खाणारे, दरवेशी दारोदार फिरवत असे ते. अमेरिकेतले काळे अस्वल वेगळ्या प्रजातीचे. ते झाडावर सहज चढते, चांगले पोहते आणि माणसाची चाहूल लागताच शक्यतो पळ काढते. म्हणून त्याला शोधणे हेच मोठे काम.

पहिला धडा त्याच्या पोटाचा. वसंतात ते कोवळे कोंब खाते, उन्हाळ्यात रानफळे आणि कुजक्या लाकडातल्या अळ्या. पानगळीच्या दिवसांत ओकची फळे झडू लागली की ते हिवाळ्यासाठी अंगावर चरबी चढवते. मका तयार झाला की रात्री शेतात उतरते. कोणत्या महिन्यात काय पिकते हे ज्याला ठाऊक, त्यालाच अस्वल कुठे असेल हे ठाऊक.

दुसरा धडा खुणांचा. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो, पण पुढे नख्यांचे टोक उमटते. खोडावर नख्यांचे ओरखडे असतात, सालीत अडकलेले केस असतात, उलटलेले ओंडके असतात, विष्ठेत बिया असतात. ठसा सकाळचा की कालचा, हे त्यात साचलेल्या पाण्यावरून आणि कडेच्या मातीवरून ओळखायचे. मिसिसिपी डेल्टा हा पुराचा प्रदेश, त्यामुळे तिथली अस्वले थंडीत जमिनीवरच्या बिळापेक्षा जुन्या सायप्रस वृक्षांच्या उंच पोकळ्या पसंत करत. कोणत्या झाडाच्या पोटात अस्वल झोपले आहे, हे खोडावर वर जाणाऱ्या ओरखड्यांवरून ओळखावे लागे.

तिसरा धडा वाऱ्याचा. अस्वलाचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर दिवस वाया गेला.

चौथा आणि सर्वांत अवघड धडा कुत्र्यांचा. डेल्टात 'केन' नावाची वेळूच्या जातीची वनस्पती माजलेली असे. तिची बेटे इतकी दाट की घोडेस्वाराला हातातल्या सुऱ्याने वाट कापत जावे लागे आणि दहा पावलांपलीकडचे दिसत नसे. अशा ठिकाणी शिकार डोळ्यांनी होत नाही, कानांनी होते. कुत्र्यांचा आवाज ऐकून ओळखायचे की ती माग हुंगत आहेत, अस्वल पळत आहे, झाडावर चढले आहे, की पाठ टेकून उलटे लढत आहे. हरणाच्या मागे भरकटणारे पिल्लू आणि अस्वलाचा माग न सोडणारा म्हातारा कुत्रा यांच्या आवाजातला फरक ओळखायला वर्षे जात. अस्वलाला कुत्र्यांनी वेढले की दुरून गोळी झाडणे धोक्याचे, कारण कुत्रा मरू शकतो. म्हणून डेल्टातला शिकारी अगदी जवळ जाई आणि वेळप्रसंगी सुऱ्यानेच काम संपवी.

सापळ्याचीही एक विद्या होती. सर्वांत जुना सापळा लाकडाचा. जड ओंडका तिरका उचलून धरायचा, खाली आमिष ठेवायचे, ते ओढले की आधार निसटतो आणि ओंडका कोसळतो. ओंडक्यांची खोली बांधून वरून पडणारे दार लावण्याचीही पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कारखान्यात बनलेले पोलादी सापळे आले. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा वसाहतीत सुएल न्यूहाउस यांनी बनवलेले सापळे सर्वांत प्रसिद्ध. त्यातला ५ क्रमांकाचा काळ्या अस्वलासाठी असे. १८६५ मध्ये त्यांच्या नावाने सापळे लावण्याचे मार्गदर्शक पुस्तकही निघाले. त्या काळच्या सापळेवाल्यांचा एक नियम होता, साखळी जमिनीत रोवलेल्या खुंटाला बांधायची नाही, सुट्या ओंडक्याला बांधायची. साखळी पक्की असेल तर अस्वल सर्व ताकद लावून, प्रसंगी स्वतःचा पाय तोडूनही निसटते. ओंडका ओढत नेताना ते थकते आणि मागे खूण सोडत जाते. पोलादाच्या दातांत तासन्‌तास अडकलेल्या जनावराचे हाल काय होत असतील, हे आम्ही वेगळे सांगायला नको. आज अमेरिकेत मेन हे एकच राज्य असे आहे जिथे हौशी शिकाऱ्याला अस्वलासाठी फास लावता येतो. तिथे २००४ आणि २०१४ मध्ये बंदीसाठी सार्वमत झाले आणि दोन्ही वेळा मतदारांनी बंदी नाकारली.

आता या दोन विद्यांचे पुढे काय झाले ते बघा. सापळ्याला कारखानदाराचे नाव मिळाले, पुस्तक मिळाले, क्रमांक मिळाला, किंमत मिळाली. माग काढण्याची, कुत्र्यांची आणि वाऱ्याची जी विद्या गुलामांनी आणि मूलनिवाशांनी डोक्यात साठवली, तिला ना पुस्तक मिळाले ना नाव. ज्याच्याकडे लेखणी, त्याचीच विद्या 'ज्ञान' ठरते. दुसऱ्याची तीच विद्या 'अंगातला उपजत गुण' म्हणून वाटेला लावली जाते. आपल्याकडे कातडे कमावणाऱ्याचे रसायनशास्त्र आणि गावाची शीव तोंडपाठ असणाऱ्या महाराचे भूमापन याच पद्धतीने शास्त्राच्या बाहेर ठेवले गेले. जमिनीच्या तंट्यात साक्ष त्याची घ्यायची आणि दप्तर मात्र कुलकर्ण्याकडे, हा आपल्या गावगाड्याचा अनुभव आहे.

शिकाऱ्याच्या हातातून सुरा काढून घेणारा कायदा

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपीच्या विधिमंडळाने 'काळे कायदे' म्हणून कुप्रसिद्ध झालेले कायदे केले. त्यानुसार सैन्यात नसलेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा किंवा मोठा सुरा बाळगता येणार नव्हता. दुसऱ्या एका कलमाने प्रत्येक मुक्त झालेल्या माणसाकडे दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा असणे बंधनकारक केले. पुरावा नसेल तर तो भटक्या ठरणार, त्याला दंड होणार, आणि दंड भरता आला नाही तर तो भरणाऱ्या गोऱ्याकडे राबावे लागणार.

हे दोन नियम एकत्र वाचा. ज्याला जंगलातून पोट भरता येते, तो कापसाच्या मळ्यावर पडेल त्या मजुरीत राबणार नाही. म्हणून त्याच्या हातातली बंदूक आणि सुरा काढून घ्यायचा आणि मालकाशिवाय जगणे हाच गुन्हा ठरवायचा. हे कायदे पुढे केंद्र सरकारच्या हस्तक्षेपाने मोडीत निघाले. पण पुढच्या दशकांत खाजगी जमिनीत शिरण्याविरुद्धचे आणि शिकारीवर बंधने घालणारे कायदे दक्षिणेत ठिकठिकाणी आले, आणि त्यांचा फास पोटासाठी शिकार करणाऱ्या गरीब काळ्यांभोवती आवळत गेला. हौसेने शिकार करणाऱ्या श्रीमंताला मात्र क्लब होते.

आता आपल्याकडे या. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. फासे लावून तितर-ससे धरणारा फासेपारधी, ज्याच्या नावातच त्याची विद्या आहे, तो जन्मतः गुन्हेगार ठरला. त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचे नाही. मिसिसिपीत जो भटक्या, तो इथे गुन्हेगार. दोन्हीकडे खरा गुन्हा एकच होता: मालकाशिवाय जगता येण्याची विद्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर रात्री पडणारी धाड थांबली का, याचे उत्तर आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

कॉलियर या सगळ्यातून कसे निभावले? एक तर त्यांच्यामागे जुन्या मालक घराण्याचे वजन होते, त्याविषयी पुढे बोलू. दुसरे म्हणजे त्यांच्या विद्येची गोऱ्यांनाच गरज होती. डेल्टात रेल्वे, बंधारे आणि लाकूडतोडीच्या छावण्या उभ्या राहत होत्या, तिथल्या मजुरांना मांस लागत होते. कॉलियर यांनी ते पुरवले. आयुष्यात त्यांनी तीन हजारांहून अधिक अस्वले मारली किंवा मारण्यास मदत केली, असे रूझवेल्ट यांनी लिहिले आहे.

१४ नोव्हेंबर १९०२

रूझवेल्ट यांना मिसिसिपीत अस्वलाची शिकार करायची होती. सोबतीला इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे अध्यक्ष स्टायव्हेसंट फिश आणि बडे मळेवाले होते. छावणी शार्की काउंटीतल्या ऑनवर्ड गावाजवळ पडली. शिकारीची सूत्रे कॉलियर यांच्याकडे होती.

त्या काळची हवा लक्षात घ्या. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचनाची अट घालून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला होता. आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९०१ मध्ये, रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले म्हणून दक्षिणेतली गोरी वर्तमानपत्रे पेटून उठली होती. काळा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला बसला, एवढाच तो गुन्हा. पंगतीचे राजकारण आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच राष्ट्राध्यक्षांची शिकार काळ्या माणसाच्या हाती सोपवायला मात्र कोणाची हरकत नव्हती. ताट बाटते, राबणारा हात बाटत नाही.

योजना अशी होती की रूझवेल्ट यांनी एका जागी दबा धरून बसायचे आणि कॉलियर यांनी कुत्र्यांच्या मदतीने अस्वल त्यांच्यासमोर हाकलून आणायचे. सकाळपासून दुपारपर्यंत वाट पाहून रूझवेल्ट सोबत्यासह छावणीत जेवायला निघून गेले. इकडे कुत्र्यांनी एका वयस्क अस्वलाला पाणवठ्यात कोंडले. अस्वल उलटले आणि त्याने कुत्र्यांना फाडायला सुरुवात केली. कॉलियर यांच्या हातात बंदूक होती. एका गोळीचे काम होते. पण अस्वल राष्ट्राध्यक्षांसाठी राखून ठेवायचे होते.

म्हणून त्यांनी काय केले? पाण्यात उतरून बंदुकीच्या दस्त्याचा घाव अस्वलाच्या डोक्यात घातला, गळ्यात दोराचा फास टाकला आणि त्या जिवंत अस्वलाला झाडाला बांधले. मग राष्ट्राध्यक्षांना निरोप गेला. आपल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. साहेबांची हौस पुरी व्हावी म्हणून एका माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घातला होता.

रूझवेल्ट आले, त्यांनी पाहिले आणि बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला नकार दिला. असे मारणे खिलाडूपणाला शोभणारे नाही, असे त्यांचे म्हणणे. पण जखमी अस्वलाला सोडलेही नाही. हाल संपवा, असे त्यांनी सांगितले आणि अस्वल सुऱ्याने मारले गेले. मोबाईलवरच्या गोष्टीत हे शेवटचे वाक्य सहसा नसते.

दोन दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र छापून आले. रूझवेल्ट पाठ फिरवून हाताने 'नको' म्हणत आहेत आणि मागे एक माणूस दोराने अस्वल धरून उभा आहे. तो माणूस गोरा दाखवला आहे. पुढच्या चित्रांत बेरीमन यांचे अस्वल लहान आणि गोंडस होत गेले. ब्रुकलिनमध्ये मॉरिस आणि रोझ मिशटॉम या दुकानदार दांपत्याने त्यावरून कापडी अस्वल बनवून 'टेडीज बेअर' म्हणून विकायला ठेवले आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

काय झाले ते नीट बघा. आधी कॉलियर यांच्या कामाचे फळ राष्ट्राध्यक्षांसाठी राखले गेले. मग चित्रात त्यांचा रंग बदलला. मग खेळण्यातून दोर गेला आणि दोर धरणाराही गेला. उरली ती फक्त साहेबांची करुणा.

करुणा कोणाची

येथे काही वाचक आम्हाला अडवतील. तुम्ही पंचशील घेणारे, पाणातिपाता वेरमणी म्हणणारे. हजारो अस्वले मारणाऱ्याची बाजू कशी घेता?

प्रश्न रास्त आहे. आम्ही शिकारीचा प्रचार करत नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार मांडताना गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा असणे यांत स्पष्ट भेद केला आहे. तो भेद इथे लावून पाहा. एका बाजूला आधी हुकमाने आणि नंतर पोटासाठी शिकार करणारा माणूस. दुसऱ्या बाजूला सुटी काढून, रेल्वेच्या अध्यक्षांना घेऊन, हौसेखातर मारायला आलेला सत्ताधीश. एका जनावरावर त्याने गोळी झाडली नाही. पण पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९०७ मध्ये, तेच रूझवेल्ट लुईझियानातल्या टेन्सास नदीकाठच्या वेळूच्या बेटांत पुन्हा शिकारीला गेले. सोबत पुन्हा कॉलियर होते, आणि या वेळी रूझवेल्ट यांनी अस्वल मारले. मग करुणेचा मान कोणाचा? हौसेच्या शिकाऱ्याचा, की ज्याला हौस परवडतच नव्हती त्याचा?

रूझवेल्ट यांच्यावर अन्याय करायचा नाही. १९०८ मध्ये मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी कॉलियर यांचे नाव घेऊन गौरवाने वर्णन केले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण व्यक्तीच्या चांगुलपणाने व्यवस्था बदलत नाही. याच रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल प्रकरणात १६७ काळ्या सैनिकांना खटला न चालवता लष्करातून बडतर्फ केले. १९७२ मध्ये लष्कराने तो निर्णय फिरवला, तेव्हा त्यांतले बहुतेक मरून गेले होते. झाडाला बांधलेल्या अस्वलाला न्यायाची जी संधी मिळाली, ती त्या सैनिकांना मिळाली नाही. वरून खाली टाकलेली दया आणि बरोबरीने दिलेला हक्क यांत एवढे अंतर असते. 'हरिजन' म्हणवून घेण्यास आपल्या बापजाद्यांनी नकार दिला, तो याच कारणासाठी.

आमच्यासाठी अडचणीचा भाग

आता ज्या गोष्टीवर आपले विरोधक बोट ठेवतील, ती आपणच सांगितलेली बरी. अमेरिकेच्या यादवी युद्धात किशोरवयीन कॉलियर आपल्या मालकाच्या मागे गेले आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने घोडदळात टेहळणी करत लढले. युद्धानंतर उत्तरेच्या एका अधिकाऱ्याच्या खुनाचा खटला त्यांच्यावर चालला आणि त्यात ते सुटले. मालक घराण्याशी त्यांची निष्ठा आयुष्यभर राहिली असे दिसते.

दक्षिणेतल्या गोऱ्या वारसाभिमानी मंडळींना अशी उदाहरणे फार प्रिय असतात. गुलाम सुखी होते, मालकावर त्यांचे प्रेम होते, हे सांगायला ती वापरली जातात. खरे तर काळ्यांना सैनिक म्हणून घेण्यास दक्षिणेच्या सरकारने मार्च १८६५ पर्यंत, म्हणजे पराभव दाराशी येईपर्यंत, परवानगीच दिली नव्हती. आपल्याकडेही हाच खेळ चालतो. धन्यासाठी जीव देणाऱ्या इमानी सेवकाच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, पण त्याला दुसरा पर्याय होता का, हे विचारले जात नाही.

आम्ही कॉलियर यांना क्रांतिकारक म्हणणार नाही. ते तसे नव्हते. आम्ही त्यांना गद्दार म्हणून झटकूनही टाकणार नाही. ज्या मुलाने मळ्याबाहेरचे जग पाहिले नव्हते, ज्याला अक्षर शिकू दिले नव्हते, ज्याला जे काही मिळाले ते मालकाच्या हातून मिळाले, त्याची निष्ठा हा त्याच्या सुखाचा पुरावा नाही. ती गुलामगिरीच्या ताकदीचा पुरावा आहे. गुलामीचा सर्वांत घट्ट सापळा पोलादाचा नसतो. न्यूहाउसच्या सापळ्यातले अस्वल निदान पाय ओढून बघत असे. मनावर बसलेल्या सापळ्यात माणूस साखळीलाच आधार समजतो. म्हणूनच फुले-आंबेडकरी चळवळीने सर्वांत आधी शिक्षणाला हात घातला.

आमचा आणि या कथेचा संबंध

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या वेळी कॉलियर पंचविशी ओलांडलेले मुक्त नागरिक होते. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा याच देशाच्या दक्षिणेत म्हातारे कॉलियर हयात होते. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' हे न झालेले भाषण स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी कॉलियर ग्रीनव्हिल येथे वारले. हे दोघे कधी भेटले नाहीत. पण जात म्हणजे कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीने केलेली वाटणी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धांत कॉलियर यांच्या आयुष्याला जसाच्या तसा लागू पडतो. त्यांचे काम कोणीही हलके म्हटले नाही. शिकार हा तर प्रतिष्ठेचा खेळ होता. पण तेच काम गोऱ्याने केले की मर्दुमकी आणि काळ्याने केले की चाकरी. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले होते, ते उगाच नव्हे.

२००४ मध्ये मिसिसिपीतल्या एका राष्ट्रीय वन्यजीव क्षेत्राला हॉल्ट कॉलियर यांचे नाव देण्यात आले. मृत्यूनंतर ६८ वर्षांनी. तेही कोणी आपणहून दिले नाही, त्यांची कागदपत्रे खणून काढून चरित्र लिहिले गेले, तेव्हा नाव पुढे आले. ज्या अस्वलांच्या मागे ते आयुष्यभर फिरले, त्यांच्यातल्या लुईझियाना उपप्रजातीला जंगले तुटल्यामुळे १९९२ मध्ये संकटग्रस्त यादीत टाकावे लागले आणि २०१६ मध्ये ती यादीतून बाहेर आली. अस्वले संपवली ती प्रामुख्याने कापसाने, लाकूडतोडीने आणि रेल्वेने, म्हणजे छावणीत रूझवेल्ट यांच्या शेजारी बसलेल्या भांडवलाने.

तरुण मित्रांनो, या लेखातून एवढेच घ्या. तुमच्या घरात, वस्तीत, पालावर जी म्हातारी माणसे आहेत, त्यांच्या डोक्यात विद्या आहे. फास कसा विणायचा, ढोल कसा मढवायचा, कातडे कसे कमवायचे, विहिरीचे पाणी कुठे लागेल, गावाची शीव कुठून जाते. ती कामे तुम्ही करावीत असे आम्ही म्हणत नाही, उलट जातीने लादलेली कामे सोडाच. पण ती विद्या लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या पूर्ण नावासह, आदरार्थी क्रियापदासह. नाहीतर उद्या कोणीतरी त्यावर प्रबंध लिहील, कोणीतरी खेळणे बनवील, आणि चित्रात दोर धरणारा माणूस दुसराच असेल.

अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी चळवळीचे चिन्ह निवडले ते पँथर. १९७२ मध्ये मुंबईतल्या आपल्या तरुणांनीही तेच नाव घेतले. टेडी कोणीच निवडला नाही, कारण टेडीला दात नसतात.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी हॉल्ट कॉलियर यांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग याचे नाव हॉल्ट ठेवू या का?" ज्या मुलीचा तो टेडी होता, तिने मान हलवली. आमच्या अभ्यासिकेत आता एक हॉल्ट आहे.

जय भीम! जय ज्योती!